साठ जणांची खीर

लग्नानंतरचा सॅबिनाचा हा पहिलाच नाताळ. वसईच्या त्या घरात बाळ येशूचा गोठा मांडून झाला होता, दारात चांदणी लागली होती. दर सुनेने या दिवशी माहेरचा एक पदार्थ करायचा, अशी तिथली रीत. थोरल्या जावेने करंज्यांसारख्या नेवऱ्या तळल्या. सॅबिना अनाथाश्रमात वाढलेली. तिला कसं सांगायचं, म्हणून सासूबाई रेजिनांनी तिच्यापुढे हा विषयच काढला नाही.

सॅबिनाने मात्र आपणहून पदर खोचला. आश्रमात नाताळला व्हायची तीच नारळाच्या रसातली तांदळाची खीर तिने करायला घेतली. प्रमाण तिला एकच ठाऊक होतं, साठ मुलांचं. माळ्यावरचं पातेलं चुलीवर चढलेलं पाहून रेजिनाबाई हबकल्या.

“अगं, घरात आपण सात माणसं! एवढी खीर कोण खाणार?”

“तुम्ही फक्त फाटक उघडं ठेवा, आई. बाकीचं मी बघते,” सॅबिना ढवळता ढवळता म्हणाली.

चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गाणी म्हणत निघालेली पोरं वासानेच आत वळली. त्यांच्यामागून त्यांच्या आया आल्या, मग सगळी आळी आली. वाट्या कमी पडल्या, त्या शेजारच्यांनी आणल्या.

दुपारी तळाशी नुसती खरवड उरली. रेजिनाबाईंनी ती उलथन्याने काढून ताटलीत घेतली आणि सुनेला हाताला धरून शेजारी बसवलं. दोघी एकाच ताटलीतून खाऊ लागल्या.

“आश्रमात तुझ्याजवळ कोण झोपायचं गं?” त्यांनी विचारलं.

एवढ्या महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. सॅबिना नीट मांडी घालून बसली आणि सांगू लागली.