उघड्या डोळ्यांचा फोटो

"भाईदासभाऊ, तोंड जरा वर घ्या त्याचं. मिशा दिसल्या पाहिजेत," प्रवीण म्हणाला.

"त्याले मिशा कोठे शेतस रे?" भाईदास वाळूत गुडघे टेकून म्हणाला.

मिशा नव्हत्याच. सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर, काळ्या वाळूत पडलेल्या त्या जनावराला कानही नव्हते. माणसाएवढं लांब, करडं, तेल लावल्यासारखं गुळगुळीत धूड. खवले नाहीत म्हणून मासा म्हणवेना, पाय नाहीत म्हणून दुसरं काही सुचेना. जमलेल्यांपैकी प्रत्येकाचं वेगळं मत होतं. प्रवीणने टीव्हीवर सील पाहिला होता, तेव्हा हा सीलच. सुरतेतल्या मराठी वस्त्यांमध्ये खपणाऱ्या आठ पानी साप्ताहिकाचा तो एकुलता एक बातमीदार. सीलच्या फोटोसाठी त्याने पहिलं पान मोकळं ठेवलं होतं आणि भाईदासला सकाळी सकाळी रिक्षात घालून आणलं होतं.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. जनावर मेलेलं होतं. दहा पावलांवर पंचायतीचे दोन गडी ते पुरायला खड्डा खणत होते.

मेलेल्यांचे फोटो हा भाईदासचा धंदाच होता. सुरतेतल्या नवागाममध्ये त्याचा स्टुडिओ. आजूबाजूला कापड रंगवणाऱ्या डाइंगमध्ये नाहीतर लूमवर राबणारी खानदेशी माणसं. जिवंतपणी फोटो काढायला सवड कुणाला? माणूस गेला की भाईदासला बोलावणं यायचं. तो चेहऱ्याचा फोटो काढी आणि मग बारीक कुंचल्याने मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवी. गावाकडे भिंतीवर टांगायला आईला उघड्या डोळ्यांचा लेक हवा असतो, निजलेला नव्हे. हात असा बसला होता की घरचे हमखास म्हणत, अगदी असाच बघायचा हो!

पण पंधरा वर्षं हे करून भाईदासच्या स्वतःच्याच डोळ्यांवरचा भरवसा उडाला होता. कुठलंही प्रेत आपल्याकडे बघतंय असं त्याला वाटे. बायकोने, उषाबाईने, त्याची दृष्ट काढून पाहिली, मग चष्म्याचा नंबर वाढवून पाहिला. फरक शून्य. त्यामुळे आत्ता या जनावराचा डोळा किंचित हलल्यासारखा वाटला, तेव्हा त्याने मनातल्या मनात स्वतःलाच एक शिवी हासडली. तरी त्याला राहवेना. त्याने तळहात जनावराच्या तोंडापुढे धरला, बराच वेळ धरला. श्वासाचं नाव नाही.

"काका, जलदी करो, भरती आवे छे," खड्ड्यातला गडी ओरडला.

फोटोआधी चेहरा पुसायची त्याची रीत होती. माणूस काय नि जनावर काय. रुमाल काढून तो कपाळावरची वाळू झटकायला वाकला, तर चष्मा धुरकटला. दर्यावरची थंड हवा, दुसरं काय! त्याने काच सदऱ्याला पुसली. वाकला, तर पुन्हा धुरकटली. तो सरळ झाला आणि उगाच समुद्राकडे बघत थांबला. काच स्वच्छ झाली, स्वच्छच राहिली. वाकला की मात्र धूर! भाईदास पार गोंधळला. तोंड तिकडे खाली, आणि वाफ इकडे टाळूवर?

त्याने बोटाने टाळू चाचपली. ओल्या वाळूखाली एक बारीक खाच होती. ती उघडली. मिटली. बोटाला ऊब लागली.

"खड्डा ऱ्हाऊ द्या!" तो ओरडला. "हाई जित्तं शे! नाक डोकावर शे त्यानं!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने प्रवीण. "भाऊ, फोटोत डोळे उघडता ते ठीक आहे हो..." असं म्हणत त्यानेही गंमत म्हणून खाचेवर हात ठेवला, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

मग धावाधाव झाली. कुणी ताडपत्री आणली, कुणी भरतीचं पाणी ओंजळीने अंगावर मारलं. खड्डा खणणारेच आता सर्वांच्या पुढे. सहा जणांनी ते धूड ओढत कमरेएवढ्या पाण्यात नेलं आणि हात सोडले. क्षणभर ते तसंच तरंगत राहिलं. मग पाठ वळली आणि पाण्याखाली गेली. लांबवर एकदा वर आली, आणि किनाऱ्यावर एकच आरडाओरड झाली.

प्रवीण तर भिजल्या पँटीत नाचत होता. फोटो एकही निघाला नव्हता, पण आता त्याला फोटोची पर्वा नव्हती. "तुमचाच छापतो पहिल्या पानावर! प्राण वाचवले तुम्ही भाऊ! पण तुम्हाला कळलं कसं?"

"चष्मा धुरकटला ना..." भाईदास हसत म्हणाला, आणि त्याचा हात चष्म्याकडे गेला.

तो ओल्या वाळूत बसला. प्रवीण काहीतरी विचारत होता, ते त्याला ऐकू येईना. त्याला पांडेसऱ्याच्या कामगार वस्तीतली एक खोली आठवली. गेल्या पौषातली सकाळ. डाइंगमध्ये काम करणारा बावीस वर्षांचा लखन भोवळ येऊन पडला तो पडलाच, असं घरच्यांनी सांगितलं होतं. त्याची आई धुरपदाबाई उशाशी होती, बाहेर तिरडी बांधून तयार होती. आपल्याच श्वासाची वाफ असेल ती, भाईदास स्वतःला सांगू लागला. थंडी होती, खोलीत माणसांची दाटी होती. त्याचं त्यालाच पटेना, आणि त्याला भयंकर भीती वाटली. कारण लखनची हनुवटी नीट करायला तो वाकला होता आणि चष्मा धुरकटला होता. त्याने काच सदऱ्याला पुसली होती. दुसऱ्यांदा धुरकटली, तेव्हा वैतागून चष्मा काढून खिशात टाकला होता, आणि अंदाजानेच फोटो घेऊन "उचला आता" म्हणाला होता.