चिंध्या

विहीणबाईंनी पिशवीतून एकेक फ्रॉक काढून प्रमिलाबाईंच्या बाळंत लेकीच्या खाटेवर मांडला. गळ्याला टोचरी लेस, पाठीला चेन, पोटावर चमकणाऱ्या टिकल्या.

"रोजच्या वापराला हेच घालायचे," त्यांनी बजावलं. मग दोरीवर वाळणाऱ्या झबल्यांकडे बघून नाक मुरडलं. "आमच्या घरात पोरांना असल्या चिंध्या घालत नाहीत."

रोज गौर सजवून बसवायचीय की काय, हे प्रमिलाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लेकीला जन्म त्याच घरात काढायचा होता. त्यांनी नातीला फ्रॉक चढवला आणि फोटोसाठी तिला विहीणबाईंच्या मांडीवर दिलं.

फोटो निघायच्या आत पोरीने टाहो फोडला. "भूक लागली असेल," विहीणबाई म्हणाल्या. लेकीने पाजायला घेतलं, तरी रडं थांबेना. लेसने मान लालबुंद झाली होती.

आता मात्र प्रमिलाबाईंनी कुणालाही न विचारता फ्रॉक उतरवला, दोरीवरचं एक झबलं घातलं आणि पोरीला पुन्हा विहीणबाईंकडे दिलं. बघता बघता ती झोपलीसुद्धा.

विहीणबाईंनी झबल्यावरून हात फिरवला. "कापड मात्र मऊसूत आहे हं. कुठून आणलंत?"

"मी कुठून आणणार? लग्नात तुम्हीच मला आहेर केलेली साडी ती," प्रमिलाबाई गोड हसल्या. "दुसऱ्याच धुण्याला विरली. नेसण्यासारखी उरली नाही, मग केल्या चिंध्या."