चार काळ्या रिंगा

समजा, तुम्ही गाडीच्या मागच्या सीटवर बसला आहात. मांडीवर उशी, पायाशी डबे, आणि आज जन्मात पहिल्यांदा समुद्र बघायला निघाला आहात. गाडीने वेग धरला, आणि अचानक डबे खडखडायला लागले, काच थरथरायला लागली, पुढे बाबांच्या हातातलं स्टिअरिंग हुडहुडी भरल्यासारखं कापायला लागलं. कसं वाटेल? खारूताईला अगदी तसंच वाटलं.

दिसेल ती वस्तू गोळा करून ठेवायची, म्हणून घरात तिचं नाव खारूताई.

गाडी हळू केली की थरथर थांबे, वेग घेतला की पुन्हा सुरू. शेवटी बाबांनी गाडी रस्त्याकडेच्या टायरच्या दुकानात घातली. चारही चाकं नवीकोरी होती. टायर चढवून, बॅलन्स करून, ऑनलाइन मागवलेली. काल अंगणात जॅक लावून बाबांनी ती स्वतः बसवली होती आणि संध्याकाळभर गाडीभोवती फिरत आईला "कशी दिसतेय?" म्हणून विचारत होते.

दुकान एका काकूंचं होतं. त्यांनी एक चाक काढून तोल तपासायच्या मशीनवर चढवलं. चाक गरगर फिरलं आणि पडद्यावर शून्य आलं. शून्य म्हणजे दोष नाही, असं काकूंनी खारूताईला सांगितलं. दुसरं चाक, शून्य. तिसरं आणि चौथंही तसंच. खारूताई टाळ्या पिटायच्या बेतात होती, पण काकू डोकं खाजवत होत्या.

"मशीनवर शहाणं आणि गाडीवर वेडं," त्या पुटपुटल्या.

मग त्यांनी एक चाक गाडीपाशी आणलं आणि खारूताईला जवळ बसवून घेतलं. चाक जिथे बसतं तो गाडीचा लोखंडी गोल दाखवला. मग चाकाच्या मधलं भोक दाखवलं. भोक मोठं होतं. चाक गोलावर ठेवलं तर मध्ये फट राहत होती, खारूताईचं नख सहज जाईल एवढी.

"आईची बांगडी हातात घालून हात फिरवलास तर काय होतं?" काकूंनी विचारलं.

"डगडगते."

"आणि तुझ्या मापाची असली तर?"

"गप्प बसते!" खारूताईचे डोळे चमकले. म्हणजे चाक चांगलं होतं, ते फक्त मधोमध बसलं नव्हतं!

"तेच तर. ही फट भरायला अशा चाकांबरोबर चार रिंगा येतात, प्लास्टिकच्या. दादा, तुमच्या रिंगा कुठे आहेत?"

बाबा म्हणाले, आल्याच नाहीत. काकूंकडे त्या मापाच्या नव्हत्या. मागवायच्या तर चार दिवस, आणि तोवर हमरस्त्यावर जाऊ नका, असं त्यांनी बजावलं. आईने डब्यांची पिशवी बाकावर ठेवली. "चला, समुद्रालाच घरी बोलावू या," ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

खारूताईला मात्र आठवलं. काल खोक्यातून एक छोटी पिशवी पडली होती. आत चार काळ्या रिंगा. बाबा गाडीखाली होते, नुसते पाय दिसत होते. तिने विचारलं होतं, "बाबा, या घेऊ?" खालून उत्तर आलं होतं, "पॅकिंग असेल. घे, घे." त्या रिंगा आता डिकीत, तिच्या दप्तरात होत्या. वाळूत काठ्या रोवून त्यांच्यावर फेकायचा खेळ तिने मामेबहिणींना कबूल केला होता.

बाबांनी चाकं पाठवणाऱ्या ऑनलाइन दुकानाला फोन लावला होता. स्पीकरवर एका ताईचा आवाज येत होता.

"अहो मॅडम, तुमच्या निष्काळजीपणाने माझ्या मुलीचा समुद्र गेला," बाबा म्हणत होते.

"सर, यादीवर रिंगांपुढे खूण तर आहे." आवाज ओला झाला. "पण खोकं मीच भरलं होतं. माझ्याच हातून राहिल्या असतील."

खारूताई डिकीकडे धावली. दप्तर उलटं केलं. चारही रिंगा मनगटात चढवून ती परत आली आणि हात बाबांसमोर धरला.

बाबांनी हाताकडे पाहिलं. मग गाडीखालच्या जमिनीकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

खारूताईने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"ताई, तुम्ही पाठवल्या होत्या," ती म्हणाली. "माझ्याकडे होत्या."

मग फोन परत दिला, मनगटातली पहिली रिंग उतरवली आणि काकूंच्या शेजारी गुडघे टेकून ती लोखंडी गोलावर दाबली. रिंग टक् करून बसली.