वीतभर वर

बाबा गेल्यावर भेटायला आलेले डॉक्टरकाका बुद्धिबळाच्या पटासमोर आपल्या रोजच्या जागेवर बसले. "अगं, स्वरयंत्राच्या कूर्चेत गाठ लाखांत एखाद्याला होते. मला दमाच वाटला." "तो एखादा रोज तुमच्यासमोर बसायचा, काका. श्वास आत घेताना गळ्यात शीळ वाजायची, पलीकडच्या खोलीत ऐकू यायची. तुम्ही पंप बदलत राहिलात." "ही गाठ हळू वाढते." "म्हणूनच वेळ होता. नुसती गाठ काढून भागलं असतं. सर्जननं दुर्बीण घातली तेव्हा श्वासाला काडीएवढी वाट उरली होती. दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हटलं की बाबा म्हणायचे, 'त्याला काय वाटेल?'" शेजारी रडणाऱ्या आईला धाप लागली. काकांनी सवयीनं स्टेथोस्कोप काढून तिच्या छातीला लावला. मी त्यांचं मनगट धरून वीतभर वर, तिच्या गळ्यावर नेलं. "आधी इथे ऐका."