पहिली हाक

प्राणिसंग्रहालयाने लोकांना जिराफाच्या पिल्लासाठी नाव सुचवायला सांगितलं, तेव्हा तिने शिवणयंत्र थांबवून गुपचूप फोन उचलला. सातव्या महिन्यात पोटातच गेलेल्या लेकीसाठी दोघांनी ठरवलेलं नाव तिने पाठवून दिलं. निदान त्या नावाने कुणीतरी, कुणालातरी हाक मारेल!

घरात ते नाव काढायची सोयच नव्हती. नवऱ्याने दवाखान्यातून आल्या आल्या पाळणा देऊन टाकला होता. "झालं ते झालं, आता तो विषय नको," एवढंच म्हणाला होता. डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. या माणसाला काळीज आहे की नाही, असं तिला येताजाता वाटायचं.

महिन्याभराने प्राणिसंग्रहालयातून एका मुलीचा फोन आला.

"अभिनंदन ताई! तुम्ही सुचवलेलं नाव सगळ्यांना आवडलं. पिल्लाला पहिली हाक मारायचा मान तुमचा. फक्त एक घोळ झालाय."

"कसला घोळ?"

"अहो, हेच नाव एका गृहस्थांनी तुमच्याही आधी, पहिल्याच दिवशी पाठवलं होतं.

आणि त्यांनी पत्ता तुमच्याच घराचा दिलाय."