जोडीचा दांडा

दोघांच्या कुरणांमधल्या बांधावरून भांडण झाल्यापासून बाल्ट्स आणि त्याचा धाकटा भाऊ यॉरी नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. यंदा दावोसच्या खोऱ्यातल्या त्यांच्या गावाची पहिली स्की-लिफ्ट नेमकी त्याच बांधावरून गेली. दोघांच्या मागे एकच आडवा दांडा, तो दोघांना उभ्याउभ्याच वर ओढून न्यायचा. सारख्या उंचीचीच जोडी लागायची, आणि या दोघांएवढं ताडमाड गावात तिसरं कुणी नव्हतं.

"नुसतं टेका, बसू नका! बसलात की आपटलात!" लिफ्टवाला लुत्सी ओरडला.

अर्ध्या चढावर यॉरी बसलाच, आणि बांधापलीकडे जाऊन आपटला.

बाल्ट्सने दांडा सोडला. वाकून हात पुढे केला.



"ऊठ. माझ्या कुरणात पडलायस."