कडेला कड

गच्चीवर कुणीतरी बसलं होतं, तेही पहाटेच्या अंधारात पसरलेल्या ओल्या चादरींच्या मधोमध.

कावळा असेल तर आज त्याची खैर नाही, असं पुटपुटत पोरगी झाडू घेऊन धावली आणि थबकली. काळंपांढरं पाखरू, बदकाहून लहान, सुईसारखी चोच. डोळे असे लालभडक, जणू रात्रभर जागरण केलंय. ते उठायला गेलं आणि छातीवर आपटलं. पुन्हा उठलं, पुन्हा तेच.

मागोमाग आई जिना चढून आली ती तोंडाचा पट्टा सोडतच. दोरीचा वळ उठतो म्हणून दवाखान्याच्या निळ्या चादरी कडेला कड लावून जमिनीवर अंथरायच्या, दुपारच्या आत पोचवायच्या, आणि त्यांच्यावर ही घाण.

पोरीनं पाखराला ओढणीत घेतलं. कठड्यावरून सोडलं की उडेल झोकात, असं तिला वाटत होतं. पण आधी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन लावून पाखराचं वर्णन केलं. नाही म्हटलं तरी जरा मिरवायचंही होतंच.

"सोडू नकोस," बाई म्हणाल्या. मग घाईघाईनं सांगत सुटल्या. ही पाणडुबीचीच एक जात, लांबच्या थंड मुलखातली. या बाजूला त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. पाय पार मागे, त्यामुळे जमिनीवरून उडता येत नाही. पाण्यावर धावत जाऊनच हवेत उठते. अंधारात खाली काही ओलं चकाकलं की तिला पाणीच वाटतं. ऊन चढायच्या आत तळ्यावर न्या, नाहीतर हातची जाईल.

तळं एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या टोकाला, आणि घरचा टेम्पो एकच. पोरीनं ओढणीतलं पाखरू छातीशी धरलं आणि आईकडे बघितलं.

"बघतेस काय? टोपली आण," आई म्हणाली. "दवाखान्याला सांगते, बाहेरगावचं गिऱ्हाईक आलंय."

तळ्याच्या काठावर ठेवताच पाणडुबी सरपटत पाण्यात शिरली आणि बुडी मारून दिसेनाशी झाली. पोरीचा जीव टांगणीला लागला. आईनं तिचा दंड घट्ट धरला. मग पार तळ्याच्या मध्यावर एक डोकं वर आलं, चोचीतला मासा गिळला आणि पुन्हा खाली गेलं.

चादरी उशिरा पोचल्या म्हणून दवाखान्याची बोलणी खाऊन दोघी घरी आल्या. आईनं ती डागाळलेली चादर चोळून चोळून धुतली. गच्चीवर दोघींनी तिची दोन-दोन टोकं धरली.

"आई, रागावलीस?"

आई हातानं चादरीची सुरकुती सारखी करत होती.

"इतकी वर्षं धुतेय, कुणी बरं म्हटलं नाही," ती म्हणाली. "ही पाणडुबी एवढी लांबून आली, आणि माझ्या चादरींना पाणीच समजली."